गाढवीकाठचा वाघ

सातव्या रविवारी गाढवी नदी वाचवायला तीन माणसं आली. त्यातलं एक हरवलेली म्हैस शोधत आलं होतं.

केवळराम गुरुजींनी म्हैसवाल्या सुकरामच्या हातातही फावडं दिलं. पहिल्या रविवारी एकतीस जण होते, बॅनर होता, पोहे होते. रेतीच्या ट्रॅक्टरांनी नदीत उतरायला केलेली वाट गुरुजींच्या नदी समितीनं रविवारी काटे टाकून बुजवायची, सोमवारी ट्रॅक्टरवाल्यांनी ती मोकळी करायची, असा शिरस्ता पडला होता. काठावरची जांभळीची, करवंदीची झुडपं मात्र दोन्ही दिवशी तुटत होती.

गुरुजींना चिंता वळणापलीकडच्या डोहाची होती. तिथल्या रेतीनं धरलेल्या पाण्यावर गावच्या तिन्ही विहिरी जगत होत्या. रेती गेली की डोह जाणार, डोह गेला की विहिरी. हे त्यांनी सतरा अर्जांत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. एका अर्जाला उत्तर आलं. अर्ज पुढे पाठवला आहे, असं त्यात होतं. किती पुढे, ते नव्हतं.

सुकरामला म्हैस सापडली आणि तो गेला. उरली अंगणवाडीची प्रेमिला, गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं पदराला हात पुसले.

"गुरुजी, मानसाले कोनी भेऊन नाई राहिलं. इथं वाघ पाहिजे."

गुरुजींनी छत्तीस वर्षं मुलांना खरं बोलावं असं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांनी मिळून ओल्या रेतीत वाघ काढला. पंजाची गादी लोट्याच्या बुडानं, चार बोटं अंगठ्यानं. वाघ जरा फेंगडा चालत होता. मग गुरुजी धापा टाकत गावात गेले आणि आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले. सवय नसल्यानं त्यांचा आवाज कापला, त्यामुळे ते आणखीच खरं वाटलं.

नागझिरा अभयारण्याच्या एवढ्या जवळ राहणाऱ्या गावाला वाघ पटवून द्यावा लागत नाही. वनखात्याचा बीटगार्ड हेमेंद्र आला, त्यानं फोटो काढले, फळी ठोकली: वाघाचा वावर, नदीकडे जाऊ नये. ढिवरांनी मासेमारीची जाळी गुंडाळली. गुराख्यांनी गुरं टेकडीकडे वळवली. आणि त्याच आठवड्यात गावातून जाणारे ट्रॅक्टर बंद झाले.

सात रविवारांत जे झालं नव्हतं ते एका लोट्यानं केलं.

दोघांचा एक करार झाला होता. या विषयावर कोणाशी बोलायचं नाही, एकमेकांशीही नाही. गाव लहान, भिंती कुडाच्या. शिवाय नदीवर जायचं नाही, असं गुरुजींनी मनाशी ठरवलं. ज्याला वाघ दिसला तोच नदीवर फिरायला लागला तर लोक काय म्हणतील?

तरी वाघ टिकला. दर आठ-दहा दिवसांनी काठावर ताजे ठसे उमटत, हेमेंद्र त्यांचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाके. गुरुजी चष्मा लावून ते तपासत. बोटं आता सरळ येत होती, पावलांतलं अंतर सारखं होतं. शाळेत प्रेमिलाची चित्रकला बेताची होती. मेहनतीनं माणूस कुठल्या कुठे जातो, असं त्यांना वाटे.

केशोरीच्या बाजारात ती एकदा भेटली. गुरुजींना राहवलं नाही.

"वाघ चांगला चालतो आहे," ते हळूच म्हणाले.

"तुमची किरपा," प्रेमिला म्हणाली आणि वांगी निवडू लागली.

मोह फुलला तेव्हा बाया फुलं वेचायला टोपल्या घेऊन नदीकाठी गेल्या नाहीत. मोह झाडाखाली सडला. गुरुजींना वाईट वाटलं, पण नदीपुढे एक हंगाम काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली विहीर आटली. नंतर दुसरी. तिसरीत पोहरा खरडून गढूळ पाणी येऊ लागलं. गुरुजी विहिरीच्या काठावर बसून हिशेब जुळवत राहिले. रेती जागेवर आहे, डोह जागेवर आहे, मग पाणी गेलं कुठे?

दुपारी प्रेमिला पाण्याचा रिकामा पितळी गुंड घेऊन दारात आली. करार तिनंच मोडला.

"गुरुजी, आता थांबवा तो वाघ. बाया पान्यासाठी रडून राहिल्या. नदीत झिरा तरी उकरू द्या त्याहिले."

"मी थांबवू?" गुरुजी म्हणाले. "तूच थांबव. मी त्या पहाटेनंतर काठावर पाय ठेवलेला नाही."

प्रेमिलानं गुंड खाली ठेवला.

"मी तं एकदाबी गेली नाई. मले वाटलं, तुमीच करून राहिले."

गुरुजींच्या डोळ्यांपुढून मोबाईलमधले सगळे फोटो एकेक करून गेले. ती सरळ बोटं. ते सारखं अंतर. बाहेर बाया रेतीत झिरा उकरून पाणी काढायचं बोलत होत्या. आज नाही तर उद्या त्या नदीवर जाणारच होत्या, वाघ असो की नसो.

त्यांच्याआधी बघून यावं म्हणून ते दोघं उन्हातच निघाले. गुरुजींच्या हातात काठी, प्रेमिलाच्या हातात वाजवायला थाळी. काठावर सकाळचे ठसे होते, स्वच्छ, खोल. ठसे जिकडून आले होते तिकडे दोघं मागे मागे चालू लागले. थाळी वाजवण्याचा धीर प्रेमिलाला झाला नाही. वळणाच्या अलीकडे गुरुजींनी तिला मागे थांबायला सांगितलं. ती थांबली नाही.

वळणापलीकडे जांभळी नव्हत्या. करवंदी नव्हत्या. डोह नव्हता. दोन पुरुष खोल खड्डा होता, तळाला भेगाळलेली चिकणमाती होती, आणि पलीकडच्या काठावरून खाली उतरणारा, दोन ट्रॅक्टर एकमेकांना सहज ओलांडून जातील एवढा रुंद रस्ता होता.

वाघाचे ठसे टायरच्या खुणांपाशी सुरू होत होते. तिथं एका खुंटाला सागाचे दोन ठोकळे सुतळीनं टांगून ठेवले होते, धरायला वरून मूठ बसवलेले. एकावर पुढचा पंजा कोरला होता, दुसऱ्यावर मागचा. गुरुजींना मागच्या पंजाचं सुचलंच नव्हतं.