रिकाम्या कोपऱ्यातला पास

बास्केटबॉलचा हंगाम संपला होता आणि कौशल्यं विकत घ्यायची मुदत आज संपत होती. सांगलीच्या संघातल्या पोरी जेमतेम एकोणीस वर्षांच्या. गेल्या सुट्टीत नागपूरच्या एका निवृत्त खेळाडूची पास देण्याची हातोटी विकत घेऊन त्यांच्यातल्या मृण्मयीच्या मेंदूत उतरवली होती.

"बाई, यंदा रिबाउंडची, हुकलेला चेंडू झेलायची हातोटीही घेऊन टाकू," व्यवस्थापक डबीर म्हणाले. "मग करंडक कुठे जात नाही."

प्रशिक्षक हेमलताबाई मैदानावरचा सराव बघत होत्या. मृण्मयीने मान न वळवता डाव्या कोपऱ्यात पास टाकला. तिथे कोणीच नव्हतं. वर्षभर हेच चाललं होतं. नागपूरची ती खेळाडू बारा वर्षं त्याच कोपऱ्यातल्या मैत्रिणीला चेंडू देत आली होती; हातोटीबरोबर ती सवयही आली होती.

"रिबाउंडबरोबर कोणाची मैत्रीण येणार, डबीर?"

डबीर काही बोलायच्या आत मृण्मयीने पुन्हा तिकडेच चेंडू फेकला. या वेळी संघातली सायमा आधीच धावत तिथे पोचली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हेमलताबाईंनी सायमाकडे बोट दाखवत खरेदीचा अर्ज कोराच परत केला.

"हे कुठे विकत मिळतं ते शोधा. मग सही करते."