हात धुवायची जागा

रविवारी बोरीचे पावणे रेश्माला बघायला येणार होते, सोबत त्यांची मुंबईची दोन बिऱ्हाडं. घरात एवढी माणसं मावायची नाहीत, म्हणून गोरख बायकोला घेऊन मंचरला हॉटेल ठरवायला आला. लेक अजून दहावीत आहे, हे इंदूनं रडून सांगून झालं होतं.

पहिल्या हॉटेलात एसी होता, दुसऱ्यात मटण चांगलं. इंदू मागं जाऊन फक्त हात धुवायचं बेसिन बघायची आणि नको म्हणायची. तिसरं एसटी स्टँडला लागून, भिंती तेलकट. तिथलं बेसिन बघून ती म्हणाली, "हेच घ्या."

"इथं? पावणं नावं ठेवतील."

"पुरुषांची पंगत आधी बसवायची ना?"

"मग काय. बायका नंतर."

घरी आल्यावर तिनं रेश्माला जवळ घेतलं.

"बेसिनशेजारचं दार स्टँडात उघडतं. साडेबाराला नाशिकची गाडी हाय. मावशी तिथं तुला उतरवून घ्यायला येईल. तू नारायणगावच्या पुढं जाईस्तवर मी पावण्यांना आग्रह करत राहते."