सोडून द्यायचा सामना

कागदावर विजेतीचं नाव लिहायचं तेवढं राहिलं होतं. क्लबच्या प्रमुख नागासेबाई पेन उघडून उभ्या होत्या. फुकुईच्या त्या सभागृहात पुढच्या सामन्यांसाठी चटया मोकळ्या करून हव्या होत्या, म्हणून त्यांना घाई होती.

करुता या कवितांच्या जपानी पत्त्यांच्या खेळात दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम फेरीत त्यांच्याच क्लबच्या दोघी आल्या होत्या. चिगुसा आणि तिची चौदा वर्षांची मुलगी कोतोने. अशा वेळी एकाच क्लबच्या दोघी बहुधा पत्ते मांडतच नाहीत. एक जण सोडते, दुसरी जिंकते आणि पहिल्या श्रेणीत जाते. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मोठीनं धाकटीसाठी सामना सोडायचा, हे तर विचारावंही लागत नाही.

चिगुसानं याआधी दोनदा सोडलं होतं. एकदा टोकियोला शिकायला निघालेल्या मैत्रिणीसाठी. आणि एकदा कोतोने पोटात होती तेव्हा. आता तुला खेळायला वेळ कुठला मिळणार, असं सगळ्यांनी समजावलं होतं आणि तिलाही ते पटलं होतं. तरी ती खेळत राहिली. बाळ मांडीवर झोपलेलं असताना, सूप ढवळताना, कपडे वाळत घालताना तिच्या कानात खेळातल्या त्या शंभर कविता चालूच असायच्या. हात तिचा विजेसारखा. श्रेणी मात्र तीच, वीस वर्षं.

"मग कोतोनेचंच लिहू ना?" नागासेबाई म्हणाल्या.

चिगुसानं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तिची नजर मुलीकडे गेली. कोतोने शेजारच्या मुलीशी गप्पा मारत गुडघ्यांच्या पट्ट्या सोडत होती. आईकडे तिनं पाहिलंही नव्हतं. सकाळी ओट्यावरचा डबा उचलून दप्तरात टाकावा, तशी ती जिंकून मोकळी झाली होती.

"आम्ही खेळतो," चिगुसा म्हणाली.

नागासेबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मागं कुजबुज झाली. चिगुसाबरोबर शाळेपासून खेळणारी हिरोसे तिच्या कानाशी लागली. अगं, हरलीस तर तू आठवडाभर तोंड पाडून बसशील आणि जिंकलीस तर पोर तुझ्या हातचं जेवायची नाही, बघ बाई. चिगुसा हसली. पण जाऊन चटईवर बसली.

कोतोनेचा चेहरा उतरला होता. तिनं पट्ट्या पुन्हा बांधल्या आणि समोर येऊन वाकून नमस्कार केला. आईनं अशी चारचौघांत वाट अडवावी, हे तिला कळतच नसावं.

दोघींनी पंचवीस पंचवीस पत्ते आपापल्या पुढ्यात मांडले. वाचणारीनं कवितेचा पहिला भाग सुरू केला, की दुसरा भाग ज्या पत्त्यावर असेल तो आधी मारायचा. पूर्ण शब्द ऐकायला थांबलात तर हरलात. समोरचीच्या पुढ्यातला पत्ता मारला, तर आपला एक तिला द्यायचा. आपल्या पुढ्यातले पत्ते आधी संपवील ती जिंकली.

चिगुसा पहिल्यापासून पुढे होती. मग तिचे गुडघे दुखायला लागले आणि कोतोनेनं एकेक करत सगळं अंतर भरून काढलं. ती चिडून खेळत होती. तिचा हात आता कुठल्या कोनातून येईल हे चिगुसाला उमजेनासं झालं. या हाताची बोटं आपण मोजायला शिकवली, असं तिच्या मनात आलं आणि त्या नादात एक पत्ता हुकला. त्यानंतर तिनं मनात काही येऊ दिलं नाही.

शेवटी दोघींपुढे एकेकच पत्ता उरला. सभागृहात आता बाकीचे सामने संपले होते, आणि लोक भिंतीला टेकून बघत होते.

वाचणारीनं श्वास घेतला. पहिलं अक्षर उमटलं मात्र, दोन हात चिगुसाच्या पत्त्यावर आदळले आणि पत्ता भिंतीपर्यंत उडाला.

आता ठरवायचं त्या दोघींनीच. हात कुणाचा आधी लागला हे खेळणाऱ्यांनी आपसांत बोलून मिटवायचं असतं, तिसरं कुणी मध्ये पडत नाही. अशा वेळी चिगुसा काय करते, हे क्लबात सगळ्यांना पाठ होतं. ती हसते आणि घे तू म्हणते.

"माझा आधी लागला," कोतोने म्हणाली.

"नाही. तुझा हात माझ्या बोटांवर पडला," चिगुसा म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण हलला नाही. "पत्त्याला माझी बोटं लागली होती. तुला आठवेल."

कोतोने आपल्या तळव्याकडे बघत राहिली. नागासेबाईंनी एकदा घसा खाकरला.

"हो," कोतोने म्हणाली. "तुझी बोटं होती खाली."

तिनं वाकून नमस्कार केला, उठली, आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. चिगुसाचं अभिनंदन करायला बायका गोळा झाल्या. वीस वर्षं ज्यासाठी घालवली ते मिळालं होतं आणि तिचं लक्ष सगळं दाराकडे होतं. जरा वेळानं तीही उठली. पाय बधिर झाले होते. पोरीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत ती भिंत धरून बाहेर आली.

व्हरांड्यात कोतोने पाठमोरी उभी होती. घरी वडिलांना फोन लावला होता. डोळे पुसत होती, आणि आवाज इतका चढा होता, की जिना चढणारी माणसं थांबून बघत होती.

"नाही हो बाबा, सोडून कुठलं देतेय. एक पत्ता सोडला नाही तिनं मला. आपली आई कशी खेळते ते बघायला तुम्ही इथं हवे होतात."