शिकवण्यापुरता परवाना

"आजचा पेशंट कोण, मॅडम?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"या शरयूबाई. मान आखडलीय," टेबलावर झोपवलेल्या माझ्या आईकडे बोट दाखवत मी म्हणाले.

परदेशात मी हातांनी सांधे मोकळे करायला शिकले. इथे डॉक्टरकीचा परवाना मिळाला, तो फक्त कॉलेजात शिकवण्यापुरता. घरी शेजारणीचा खांदा बघितला, तर नोटीस आली. त्यानंतर दोन महिने आई कण्हत होती आणि मी तिला शेकायची पिशवी भरून देत होते. शेवटी तिला वर्गात आणलं.

प्रत्येक हालचाल मुलींना समजावत मी तिची मान हळूहळू वळवली. तिने डोळे मिटले.

"सुटतंय गं. अजून थोडं."

घंटा झाली. मी हात काढून घेतले.

"तास संपला, शरयूबाई. पुढचा गुरुवारी."