वानराचा वाटा

ठाण्याच्या खाडीकाठी एका शेटची वाघ-वानरांची बाग होती आणि नाथा कोळी तिथला राखणदार. तिथल्या जोडीतला वानर मेला, तो वानरीला दिसू न देता नाथानं पुरला. तेव्हापासून ती रोज अर्धं केळं राखून ठेवी.

भाकरी घेऊन आलेली भावजय पिंजऱ्यापाशी थांबली. तिचा नवरा होडी घेऊन गेला त्याला तीन वर्षं झाली होती, तरी कपाळावर कुंकू ठसठशीत.

"येडा का रे तू नाथा? तिला दाखवायचा तरी! रडून मोकळी झाली असती."

"सोसलं नसतं गं, वयनी."

"मग वाट बघणं सोसतंय?"

नाथानं हातातली भाकरी खाली ठेवली. वयनी पोटुशी असताना, खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडलेलं भावाचं मढं त्यानं कुणाला न सांगता एकट्यानंच जाळलं होतं.

"वयनी," तो म्हणाला, "जरा खाली बस."