उद्दिष्टांची वाटणी

"समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचं अंतिम ध्येय एकच, आणि ते म्हणजे माणूस!" असं म्हणून अध्यक्ष हिम्मतरावांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल बाळंतपणाचं होतं. त्याची पायाकडची बाजू खाली पाडायची सोय होती. ती पडली, आणि ध्येय, धोरण, पेन्सिली, सगळं जमिनीवर गेलं.

त्याला इलाज नव्हता. साल १९५६. येत्या एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य तीन ठिकाणी वाटलं जायचं होतं, आणि समाजकार्य शिक्षण समितीची स्वतःची खोली वाटणीच्या सामानानं भरली होती. कपाटं मुंबईला, बाकं म्हैसूरला, घड्याळ आंध्राला. म्हणून समिती हैदराबाद शहरातल्या जामबागेच्या एका छोट्या प्रसूतिकेंद्रात येऊन बसली होती. केंद्राला खोली एकच होती.

समितीत तिघं. हिम्मतराव औरंगाबादला जाणार होते, बसवणप्पा गुलबर्ग्याला. नरसिंगराव इथंच राहणार होते, म्हणून ते घरमालकासारखे ऐसपैस बसले होते.

समितीचं जे जे काही असेल ते तिघांत वाटावं, असा वरून हुकूम होता. सतरंज्या झाल्या, तांबे-पेले झाले. उद्दिष्टं राहिली. ती चल की अचल यावर सकाळ गेली. ती कागदावरून कागदावर सहज जातात, तेव्हा चलच, असं ठरलं. मग मानवी प्रतिष्ठा हिम्मतरावांनी मुंबई राज्याला घेतली. स्वावलंबन नरसिंगरावांनी आंध्राला ठेवलं. मातृकल्याण कुणालाच नको होतं, ते व्यसनमुक्तीबरोबर म्हैसूरच्या गळ्यात पडलं.

दार वाजलं. नर्स कुसुमताई आत आल्या.

"साहेब, खोली लागेल. बाहेर गंगू आहे, तिच्या कळा वाढल्यात. पहिलटकरीण आहे आणि मूल पायाळू आहे. टेबलाशिवाय माझ्या हाताला येईल असं वाटत नाही."

"मातृकल्याण म्हैसूरकडं गेलं, कुसुमताई," हिम्मतराव म्हणाले. "बसवणप्पांना विचारा."

बसवणप्पा हळहळले. अगदी मनापासून. "आम्हाला ताबा एक तारखेला मिळतो हो ताई. त्याआधी हात लावला तर उद्या हेच दोघं म्हणतील, म्हैसूरनं आधीच बळकावलं."

"मग एक तारखेपर्यंत कुणाचं?"

"संयुक्त. म्हणजे तिघांची सही."

"मग करा की!"

"सही करतूं ना मैं, कायकू नै करतूं?" नरसिंगराव म्हणाले. "पहले वो लोकसहभाग मेरे हिस्से में डालो."

"लोकसहभाग मराठवाड्याचाच," हिम्मतराव म्हणाले. "तो सोडायचा प्रश्नच नाही."

बाहेर गंगू ओरडली. पाठोपाठ तिची सासू विठाबाई हिचा आवाज आला. "दम धर माय, दम धर. साबलोक उठायलेत बघ आता."

कुसुमताईंनी तिघांकडं पाहिलं. कुणी उठत नव्हतं.

"साहेब, पोर जाईल तिची. कदाचित तीही जाईल."

हिम्मतरावांचा आवाज मऊ झाला. शिकवताना तो असाच मऊ व्हायचा. "कुसुमताई, आपण धावून गेलो की माणूस पांगळा होतो. त्याचा प्रश्न त्यालाच सोडवता यावा इतकं बळ त्याला द्यायचं, हे आपलं पाचवं उद्दिष्ट. फार सुंदर आहे ते. ते अजून वाटायचंय."

कुसुमताईंनी कोपऱ्यातलं घमेलं उचललं, दोरीवरची चादर ओढली आणि त्या ओसरीवर गेल्या. दार त्यांनी पायानं लोटलं.

आत लोकसहभाग अडून बसला. नरसिंगराव हटेनात. हिम्मतराव दोनदा रुसले, एकदा तर खुर्ची भिंतीकडं फिरवून बसले. बाहेरचं ओरडणं वाढलं तसं यांनाही आवाज चढवावा लागला. बसवणप्पांनीच अखेर तोड काढली. लोक आंध्राला आणि सहभाग मुंबईला. कुणाचं मन दुखावलं नाही. मग तिघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या आणि बाहेरच्या बाईला खोली देण्यास समितीची हरकत नाही, असं एकमतानं लिहून खाली झोकदार सह्या केल्या.

तो कागद घेऊन तिघंही बाहेर आले. अशा गोष्टी शिपायाहाती द्यायच्या नसतात.

ओसरी भिजलेली होती. गंगू भिंतीला टेकून पडली होती, तिच्या अंगात चादर ओढून घ्यायचंही त्राण नव्हतं. छातीशी काहीतरी लालभडक हलत होतं. कुसुमताई पायरीवर बसून होत्या. हात त्या पदराला पुसत होत्या.

"मुलगी," त्या म्हणाल्या. "वाचल्या दोघी." कुणाला सांगितलं ते कळलं नाही. समितीकडं त्यांचं तोंड नव्हतं.

हिम्मतराव गहिवरले. "बघितलंत? बाहेरची कसलीही मदत नाही! हेच ते पाचवं!"

"पण एक तारखेच्या आत झालं," बसवणप्पा म्हणाले. "म्हणजे हे यश संयुक्त धरायला पाहिजे."

"हौ," नरसिंगराव म्हणाले.

हिम्मतराव दोन पावलं पुढं झाले. विठाबाईपुढं थोडं वाकले, अगदी नम्रपणे.

"बाई, तुमच्यासाठीच आम्ही सकाळपासून बसलोय. आमच्या शिक्षणाची दिशा तुम्हीच दाखवायची. मोकळेपणानं सांगा, संकोच नको. उच्चशिक्षित समाजसेवकाकडून तुमची अपेक्षा काय?"

नरसिंगरावांनी पेन्सिल काढली. बसवणप्पांनी चष्मा पुसून लावला. विठाबाईनं एकदा सुनेकडं पाहिलं, मग या तिघांकडं.

"जरा तिकडं तोंड करून हुबं ऱ्हावा की, साब," ती म्हणाली. "पोरगी लेकराला पाजायलीय."