दीड ग्रॅमचं बाळ

“अरे भिया, दीड किलोचं बाळ दीड ग्रॅमचं झालं! ही लँग्वेजच बेकार आहे, ताई,” सगळ्यांनाच ‘भिया’, म्हणजे भाऊ, म्हणायची सवय असलेला परेश माझ्या कानाशी कुरकुरला.

नवजात बाळांच्या औषधाचा डोस काढणारा आमचा प्रोग्रॅम उद्या सकाळी दवाखान्यात सुरू होणार होता. सगळ्या बाळांची वजनं एकाच व्हेरिएबलमध्ये. या भाषेत एक चिन्ह टाकलं की अख्ख्या यादीचा भागाकार होतो, त्यामुळे चूकही एका बाळापुरती राहत नाही. बडा गणपतीच्या देवळाजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात ही भाषा आम्हाला शिकवली अच्युत सरांनी, आणि मूळ प्रोग्रॅमही त्यांचाच.

“सरका. एकेक ओळ चालवून बघतो,” म्हणत सर स्वतःच मशीनवर बसले.

त्यांच्या सगळ्या ओळी संपल्या तरी वजन ग्रॅममध्येच होतं. पुढे एका ओळीवर ते हजाराने भागलं गेलं. ती ओळ परेशने गुपचूप घातलेली. दुसऱ्या फाइलीत ते परत हजाराने भागलं गेलं. ती ओळ मी गुपचूप घातलेली.

“पण ग्रॅमचे किलो करायची ओळ मी लिहिली होती ना?” सरांनी विचारलं.

परेश म्हणाला, “सर, चाय मागवू?”

 

“म्हणजे मी हल्ली विसरतो,” सर हळूच म्हणाले, “हे तुम्हा दोघांनाही माहीत होतं.”